लॅपटॉपच्या जाहिरातीत पूर्ण मॉडेल नंबर आणि स्क्रीनचे आकडे छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या पेपरात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती सुरू होतात आणि त्याच आठवड्यात माझा फोनपण वाजायला लागतो, सर जरा बघता का, पोरीला अ‍ॅनिमेशनला टाकलंय, पोराला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, चाळीस-पन्नास हजारात कुठला घेऊ. मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही, भुदरगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, पण २०२० पासून मुलांसाठी व्हिडिओ बनवतोय आणि एवढ्या वर्षांत एक लॅपटॉप चुकीचा घेतला, तोच दुरुस्त करून वापरला आणि आता भाचीसाठी एक नीट पारखून घेतला, म्हणून लोक विचारतात. दरवेळी फोनवर तेच तेच सांगतो, म्हणून म्हटलं एकदा तुम्हालाच लिहावं, कारण यातला अर्धा घोळ जाहिरातीपासूनच सुरू होतो.

परवाच्या रविवारच्या पानावर बघा, बॅग फ्री, वायरलेस माऊस फ्री, शून्य टक्के व्याज, फुल एचडी, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, लेटेस्ट प्रोसेसर, असं सगळं मोठ्या अक्षरात. पण प्रोसेसरचा पूर्ण नंबर नाही, रॅम (चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती जागा) वाढवता येते का ते नाही, स्क्रीन रंग किती दाखवते ते तर कुठंच नाही. आणि ज्याला फोटो, व्हिडिओ, पोस्टर असलं काम करायचंय त्याचं सगळं याच तीन गोष्टींवर अवलंबून असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या तीन गोष्टी छापल्याशिवाय जाहिरात निघूच नये.

माझा पहिला अनुभव सांगतो. २०२० ला शाळा बंद होत्या, वरून ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा कार्यक्रम आलेला, मी फोनवर धडे रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होतो. फोनवर एडिटिंग जमेना म्हणून हप्त्यावर लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला मल्टिमीडियासाठी एकदम बेस्ट, १ टीबी जागा आहे, भरणारच नाही तुमची. आयथ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ती १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. दहा मिनिटांच्या धड्याला दोन जागी कट मारायचा तर टाइमलाइन (तुकडे मांडायची पट्टी) पुढं सरकायला तयार नाही, विंडोज चालू करून मी चहा करून यायचो तरी ते गोल फिरतच असायचं. वर्षभर मला वाटत होतं एडिटिंग म्हणजे असंच असतं, मोठी माणसं मोठ्या मशीनवर करतात, आपल्याला जमणार नाही.

मग गारगोटीत एक रिपेअरिंगवाला पोरगा भेटला, त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला सर प्रोसेसरचा दोष नाही, ही डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांची आहे, सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते आणि रॅम संपली की विंडोज त्याच डिस्कवर रॅमचं काम ढकलतं म्हणून सगळं तुंबतं. त्याने डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, बसवली, ती सेकंदाला ५०० एमबीच्या पुढं वाचते, आणि रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीची रॅम टाकली. त्याच दिवशी संध्याकाळी मी एक अख्खा धडा एडिट करून पाठवला. तो लॅपटॉप आजही शाळेत चालतोय. तो वाचला कारण त्याला उघडायला जागा होती, रॅमचा स्लॉट होता. आत्ताच्या बऱ्याच स्वस्त आणि पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची चिकटवलेली असते, ८ जीबी म्हणजे मरेपर्यंत ८ जीबी. आणि जाहिरातीत दोन्हीकडं फक्त ‘८ जीबी’ एवढंच लिहिलेलं असतं.

रॅमबद्दल अजून एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र काढायचं काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्स करतं आणि ते मेन रॅमच वापरतं. रॅमची एकच पट्टी असेल तर एकच रस्ता, ८-८ च्या दोन असतील तर दोन रस्ते, आणि फरक चांगला जाणवतो. इंटेलचा आय५-१२३५यू प्रोसेसर घ्या, एका पट्टीवर विंडोजमध्ये ग्राफिक्सचं नाव यूएचडी येतं आणि दोन पट्ट्या टाकल्या की त्याच चिपचं नाव आयरिस एक्सई येतं, इंटेलनेच तशी अट ठेवलीय. म्हणून मी सांगतो एडिटिंगला १६ जीबी धरूनच चला, आणि आत्ता ८ चा घेऊन नंतर वाढवू असं ठरवत असाल तर रिकामा स्लॉट आहे का आणि डीडीआर४ लागते का डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या), दोन्ही विचारून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. शिवाय २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत कारण एआयच्या डेटा सेंटरवाल्यांना मेमरी प्रचंड लागतेय, त्यामुळं नंतर स्वस्तात टाकू हा हिशोब आता तितका सरळ राहिला नाही.

आता स्क्रीन. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथं सगळ्यात जास्त लोक फसतात आणि त्यांना कळतपण नाही आपण फसलोय ते.

भाची कोल्हापुरात डिप्लोमा करते, ग्राफिक आणि व्हिडिओ दोन्ही आहे त्यात. बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा बनवला त्या गावात पोरगी हे शिकतेय याचा मला मामा म्हणून फार आनंद आहे. पहिल्या वर्षी तिने माझ्याच जुन्या लॅपटॉपवर काम केलं. जत्रेचं पोस्टर केलं, भंडाऱ्याची उधळण, त्याचा पिवळा काही केल्या खुलेना, म्हणून ती रंग वाढवत गेली, वाढवत गेली, आणि प्रिंटवाल्याकडं नेलं तर त्याच्या मॉनिटरवर सगळं भडक, माणसांचे चेहरे लालेलाल. तिला वाटलं आपल्याला रंगांची समजच नाही. रडली पोरगी त्या दिवशी. मला म्हणाली, “मामा, मला इथं दिसत होतं तेच मी केलं हो.” आणि ते अगदी खरं होतं, तिला दिसतच नव्हतं.

कारण असं आहे की स्वस्त लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात ‘४५% एनटीएससी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. एनटीएससी हे अमेरिकेतल्या १९५३ च्या रंगीत टीव्हीचं माप. आपण आज इंटरनेटवर, फोनवर जे फोटो-व्हिडिओ बघतो ते एसआरजीबी नावाच्या मापात असतात आणि ४५% एनटीएससी म्हणजे त्या एसआरजीबीतले साधारण ६०-६५ टक्केच रंग. बाकीचा तिसरा हिस्सा ती स्क्रीन दाखवूच शकत नाही, लाल विटकरी होतो, झेंडू फिका पडतो. पूर्ण एसआरजीबी पाहिजे असेल तर ‘१००% एसआरजीबी’ किंवा ‘७२% एनटीएससी’ असं लिहिलेलं बघा, दोन्ही जवळजवळ एकच. फुल एचडी म्हणजे फक्त १९२० बाय १०८० ठिपके, त्या ठिपक्यांना रंग किती येतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आयपीएस हा स्क्रीनचा प्रकार, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फार बदलत नाही एवढंच, ४५ टक्केवाली आयपीएससुद्धा असते. ब्राइटनेसला २५० निट्स (निट्स हे उजेडाचं माप) असेल तर घरात ठीक, खिडकीजवळ किंवा कॉलेजच्या व्हरांड्यात बसून काम करायचं म्हटलं तर कमी पडतं, ३०० च्या पुढं असलेली बरी.

दुकानात हे तपासायला कसलं यंत्र लागत नाही. आपल्या ओळखीचे चार-पाच फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जा, एक झेंडूच्या फुलांचा, एक हळदी-कुंकवाचा, एक घरातल्या माणसाच्या चेहऱ्याचा उजेडात काढलेला, एक अंधाऱ्या जागेचा. दोन-तीन लॅपटॉपवर शेजारी शेजारी एकच फोटो उघडा, ब्राइटनेस फुल करून. शंभर टक्केवाली आणि पंचेचाळीसवाली स्क्रीन शेजारी ठेवली की शाळेतलं पोरगंसुद्धा बोट दाखवून सांगेल. फोनशी तुलना करणार असाल तर फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये नॅचरल मोड लावा, नाहीतर फोन मुद्दाम रंग भडक दाखवतो. दुकानदार डेमोचा व्हिडिओ लावतो तो बघू नका, तो त्यासाठीच बनवलेला असतो.

प्रोसेसरच्या नावाचं पण असंच. भाचीला घेऊन एका मोठ्या दुकानात गेलो, नाव लिहीत नाही, तिथला सेल्समन म्हणाला, “सर, रायझन ५ आहे, सात हजार सिरीज, एकदम लेटेस्ट.” मी पूर्ण नंबर विचारला तर तो म्हणाला नंबरला काही अर्थ नसतो. मागचं स्टिकर वाचलं तर ७५२०यू. आता रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीने ही सात हजाराची सिरीज काढली तेव्हा नंबर कसा वाचायचा ते स्वतःच जाहीर केलंय, तिसरा आकडा आतल्या डिझाइनची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ते डिझाइन २०१९ चं, ४ कोर (कोर म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात), आत ग्राफिक्स अगदी छोटं आणि त्याच्याबरोबर येणारी रॅम सोल्डर केलेली. शेजारच्याच टेबलावर थोड्या जास्त किमतीला ७५३०यू होता, तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, ६ कोर १२ थ्रेड, म्हणजे एकावेळी कामाच्या १२ रांगा. एका आकड्याचा फरक, पण एडिटिंगला आणि एक्स्पोर्टला (तयार व्हिडिओ बाहेर काढायला) दोन वेगळी यंत्रं. ज्याला फक्त सिनेमे बघायचे, वर्डमध्ये टाइप करायचं त्याला ७५२०यू चालतो, वाईट नाही. पण दोघांना एकच ‘रायझन ५’ म्हणून विकणं बरोबर नाही.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. १२३५यू मध्ये १० कोर आहेत पण त्यातले दमदार दोनच, बाकी आठ छोटे. १२४५०एच मध्ये आठच कोर पण दमदार चार. यू म्हणजे बॅटरी जास्त पुरते, एच म्हणजे ताकद जास्त, फॅनचा आवाज आणि बॅटरीचा खर्चपण जास्त. ज्याला गावोगाव फिरत विजेशिवाय काम करायचंय त्याने यू घ्यावा, टेबलावर चार्जर लावून बसणाऱ्याने एच. आणि एन१०० वगैरे नावाचे जे अगदी स्वस्तातले येतात, त्यात सगळे कोर छोटे असतात आणि काहींत एसएसडीच्या जागी ६४ नाहीतर १२८ जीबीची ईएमएमसी नावाची संथ मेमरी असते, ती पण सोल्डर केलेली, ते एडिटिंगसाठी नका घेऊ, कितीही स्वस्त मिळाला तरी.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडंच. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी रेंडर करायचं (चित्र पक्कं बनवायचं) असेल तर वेगळं कार्ड, शक्यतो एनव्हीडियाचं, असलेलं यंत्र लागतं, नाहीतर एका फ्रेमला ताटकळत बसावं लागतं. पण नुसतं फोनवर शूट केलेलं कापायचं, जोडायचं, नाव टाकायचं यासाठी कार्डाला पंधरा-वीस हजार जास्त घालण्यापेक्षा रॅम आणि स्क्रीनला घाला. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कार्ड असतं आणि स्क्रीन तीच पंचेचाळीस टक्केवाली असते, हे मी स्वतः तीन दुकानांत बघितलंय.

जागेचा हिशोबपण आधी करा. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, त्यातली विंडोज आणि सॉफ्टवेअर बरीच खातात. फोनचा ४के व्हिडिओ एच.२६५ मध्ये (फाइल लहान ठेवायची पद्धत) मिनिटाला साधारण १७० एमबी होतो, म्हणजे तासाला १० जीबी, गावातल्या एका लग्नाचं तीन तासांचं शूटिंग ३० जीबी. काम झालं की बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकत जा, तिथं ती फिरती हार्ड डिस्क मात्र उत्तम. आणि मशीन कमी ताकदीचं असेल तर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी नावाची सोय असते, ते तुमच्या ४के च्या छोट्या हलक्या कॉप्या करतं, तुम्ही त्याच्यावर काम करायचं आणि एक्स्पोर्ट करताना ते मूळ फाइल घेतं. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत आहे, केडेनलाइव्हमध्ये आहे. हे कळलं असतं तर मी २०२० चं अख्खं वर्ष वाया घालवलं नसतं. आवाजासाठी ऑडॅसिटी, चित्रासाठी क्रिटा आणि इंकस्केप, हे सगळं फुकट आहे, चोरीची सॉफ्टवेअर टाकून देणाऱ्या दुकानांच्या नादी लागू नका, त्यातून व्हायरस येतो आणि पोरांचं सबमिशन जातं.

बजेट पंचवीस हजारापर्यंतच असेल तर नवीनपेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला जुना ऑफिसचा लॅपटॉप मी सुचवतो, लेनोवोचा थिंकपॅड टी४८० किंवा डेलचा लॅटिट्यूड ७४९० अशा घराण्यातला, त्यांची बांधणी मजबूत असते आणि रॅम बदलता येते. पण एक नीट लक्षात ठेवा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच चालतं. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीचा माल स्वस्तात खपवायला निघालाय. आय५-७२००यू मध्ये दोनच कोर होते, आय५-८२५०यू मध्ये चार झाले, म्हणजे तसाही आठव्याच्या खाली उतरायचं कारण नाही. पुण्या-मुंबईकडचे लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला वगैरे जाऊन घेतात, आमच्याकडून तिथवर जायचं म्हणजे एक दिवस आणि एसटीचा खर्च, म्हणून जायच्या आधी पिढी, रॅम आणि स्क्रीन फोनवर विचारूनच निघा, बऱ्याच जुन्यांत १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन असते, ती नको.

भाचीसाठी शेवटी काय घेतलं ते सांगतो. शंभर टक्के एसआरजीबीवाले सगळे आमच्या बजेटच्या वर जात होते. मग आम्ही १२४५०एच घेतला, ८ ची एक पट्टी आलेली, ८ ची दुसरी तिथंच बसवून घेतली, लॅपटॉपची स्क्रीन पंचेचाळीस टक्केवालीच आहे, आणि उरलेल्या नऊ हजारात एक २४ इंची आयपीएस मॉनिटर घेतला, ९९% एसआरजीबीचा. ती कोल्हापुरात माझ्या बहिणीच्या घरी राहते, मॉनिटर तिच्या टेबलावर कायमचा, रंगांचं काम त्याच्यावर, लॅपटॉप तेवढा वर्गात. ज्यांची मुलं एका जागी राहून शिकतायत त्यांना मी हेच सांगतो, मॉनिटर दहा वर्षं टिकतो, पुढचा लॅपटॉप आला तरी तोच चालतो. होस्टेलच्या एका खोलीत चौघं असतील तर मात्र हे जमत नाही, तिथं चांगल्या स्क्रीनचा लॅपटॉपच बघावा लागतो, मग प्रोसेसरला थोडं खाली आलं तरी चालेल.

बिल पक्कं घ्या. लॅपटॉपवर १८% जीएसटी आहे, ४५ हजारात जवळजवळ ६,८६४ रुपये कराचे असतात, म्हणून काही दुकानदार बिल नको असेल तर कमी करतो म्हणतात, पण सिरियल नंबर टाकलेलं बिल नसेल तर वर्षभराच्या वॉरंटीला भांडायला हातात काही राहत नाही. सांगितलं एक आणि दिलं दुसरंच असं झालं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या नियमांत ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. फार थोड्यांना हे माहीत आहे, तुमच्या पेपरात येऊ दे.

आणि आता मूळ मागणी. आपल्याकडं २०११ च्या वजनमापाच्या नियमांमुळं खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष, कुठल्या देशात बनला, हे छापावंच लागतं. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते लिहिलेलं असतं. मग ५० हजाराच्या लॅपटॉपच्या खोक्यावर स्क्रीनचे रंग किती, रॅम सोल्डर आहे का स्लॉटमध्ये, हे दोन शब्द का नसावेत? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण किमतीच्या शेजारी लावावे लागतात. आपल्याकडं केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं ते चांगलंच झालं, पण दुकानात उभ्या असलेल्या बापाला पोर्टल दिसत नाही, त्याला खोकं दिसतं आणि त्याच्या हातात तुमच्या पेपरातली जाहिरात असते. सरकार करेल तेव्हा करेल. तुम्ही तुमच्या जाहिरात विभागाला एवढं सांगू शकता की लॅपटॉपच्या जाहिरातीत पूर्ण प्रोसेसर नंबर, रॅम वाढते का नाही, आणि स्क्रीनचा एसआरजीबी किंवा एनटीएससी आकडा मराठीत द्यावा, बॅग आणि माऊसच्या ओळीएवढ्याच अक्षरात. यंदाच्या निकालाच्या पुरवणीपासून सुरू झालं तर आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं चुकीच्या लॅपटॉपच्या कर्जाच्या हप्त्यांत दोन वर्षं अडकणार नाहीत.

आपला नियमित वाचक,
एक प्राथमिक शिक्षक, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर

ता.क. जुना लॅपटॉप घेताना बॅटरीचं कसं बघायचं हे लिहायचं राहिलं. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते, त्यात बॅटरी नवीन असताना किती धरत होती आणि आज किती धरते हे दोन आकडे असतात. आजचा आकडा निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला लावा.